मुख्य विषय माती

एकोणीसशे ब्याऐंशी साली आमचं टेलिफोन एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, आणि त्याच साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी कॉलेजात गेले. त्या वर्षातलं मला सगळं आठवतं. बोर्डासमोरच्या खुर्च्यांचं निळं रेक्झिन, ते फाटलं होतं तिथली चिकटपट्टी, हेडबाईंच्या चपलांचा आवाज. कॉलेजच्या ऑफिसातल्या पंख्याचं एक पातं बाकीच्यांपेक्षा पांढरं होतं, हेसुद्धा आठवतं. फक्त मला तेव्हा काय वाटत होतं ते विचारू नका. काही वाटत नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग आपण आपल्याच गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तशी मी आतून झाले होते. आणि त्याचा मला त्रासही होत नव्हता.

आमची खोली लांबट होती. भिंतीला लागून बोर्ड, बोर्डावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकापाशी एक पिटुकला दिवा. दिवा लागला की दोरीची पिन खुपसायची, नंबर विचारायचा, दुसऱ्या दोरीची पिन दुसऱ्या भोकात घालायची. दोन्हीकडचे आवाज एकमेकांना पोचले की आपण बाजूला व्हायचं. लांबच्या गावांच्या लाइनीवर मात्र खरखर फार. दोन्हीकडची माणसं आम्हाला ऐकू यायची, एकमेकांना नाही. मग इकडचं वाक्य तिकडे आणि तिकडचं इकडे आम्ही सांगायचो, जसंच्या तसं. कुणाला मुलगा झाला, कुणाचा माल अडकला, कुणाची सासू अंथरुणाला खिळली, सगळं एकाच आवाजात. रडणाऱ्याचं रडणं आपल्या आवाजाला लावायचं नाही, हसणाऱ्याचं हसणं लावायचं नाही. हेडबाई नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावायच्या, "ऐकायचं, पण ठेवायचं नाही. कानातून आलं, तोंडातून गेलं. मधे मुक्काम नाही!"

मी हे काम वीस वर्षं केलं आणि चांगलं केलं. हेडबाई नव्या मुलींना माझ्या शेजारी बसवायच्या. माझ्या दुसऱ्या बाजूला कायम एकच मैत्रीण. दोन कॉलच्या मधल्या वेळातही तिचं तोंड बंद नसायचं, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणायचे. तिचा नवरासुद्धा.

बोर्ड बंद झाला त्याच्या आदल्या वर्षी माझे यजमान गेले. ते शिलाई मशिनांच्या सुट्या भागांचे विक्रेते होते, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. एका लांबच्या गावी, लॉजवर, सकाळी दाढी करताना गेले. आमच्या घरी फोन नव्हता. लॉजच्या मालकाला त्यांच्या खिशात धाकट्या भावाच्या दुकानाचा नंबर सापडला. माझे दीर आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे, कोपऱ्यावर त्यांचं कुलपांचं दुकान. लॉजच्या मालकाने कॉल लावला तो माझ्या दिव्यावर आला. लाइन खराब होती. त्याने यजमानांचं नाव सांगितलं, आडनावासकट. मी ते नाव दिरांना सांगितलं, आडनावासकट. तो म्हणाला, सकाळी गेले, डॉक्टर येऊन गेले, तुम्ही कधी निघताय? मी म्हटलं, "सकाळी गेले. डॉक्टर येऊन गेले. तुम्ही कधी निघताय?"

तिकडून दीर म्हणाले, "वहिनी?"

तेवढ्यात कॉलची ठरलेली तीन मिनिटं झाली. मी विचारलं, "वेळ वाढवायची का?"

त्यांनी फोन ठेवला. मी पिना काढल्या आणि पुढचा दिवा घेतला. रेडिओने ऐकलं होतं. तिने हेडबाईंना बोलावलं, आणि हेडबाईंनी स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला. बस्स, एवढंच. मला तेव्हा रडू आलं नाही. घरी आलं नाही, स्मशानात आलं नाही, वर्षभर आलं नाही. नातेवाइकांत कुजबुज झाली. ती माझ्या कानावर आली आणि तशीच निघून गेली.

तर बोर्ड बंद झाला. बिलांच्या ऑफिसात सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या नव्हत्या. खात्याने सांगितलं, ज्यांना हवं त्यांनी अर्ध्या पगारावर तीन वर्षं शिकावं, पदवी घेऊन यावं, खुर्ची राखून ठेवू. रेडिओने स्वतःचं नाव दिलं आणि माझंही देऊन आली. मला नंतर सांगितलं.

"विचारायचंस तरी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"काही नाही."

"तेच की. काही नाही म्हणायला तुला कशाला त्रास द्यायचा?"

आमच्यासारख्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजने एक सवलत दिली होती. पहिला महिनाभर कोणत्याही वर्गात बसा, आणि महिनाअखेरीस मुख्य विषय कोणता ते ऑफिसात सांगा. नाही सांगितला तर नाव कमी. ऑफिसातले हेडक्लार्क चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "पोरं घरून विषय ठरवून येतात. तुम्हाला निवडायला महिना दिलाय. लग्नालासुद्धा एवढा वेळ मिळाला नसेल."

"ते मात्र खरं," रेडिओ म्हणाली. "आमच्या वेळी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत."

घरी प्रत्येकाचं मत तयार होतं. दीर म्हणाले, "वहिनी, हिशेबाचा विषय घ्या. कुलपं मी विकतो, पण हिशेब लागत नाही. चावी हरवलेल्या गिऱ्हाइकासारखी माझी गत." हे ते चेष्टेने बोलायचे, पण जिन्यात उभं राहून. त्या कॉलनंतर ते माझ्यासमोर बसून कधी बोललेच नव्हते. लेकीचं पत्र यायचं. तिला पहिली मुलगी होती, दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं. आई, या वयात वह्या-पुस्तकं कसली? इकडे ये, कायमची ये.

लेकीकडे जायला मला काही वाईट वाटत नव्हतं. पण चांगलंही वाटत नव्हतं, आणि नेमकं तेच माझ्या ध्यानात येत होतं. तिच्या घरी कामं भरपूर. दुधाच्या बाटल्या, लंगोट, संध्याकाळी नातीला झोपाळ्यावर नेणं. माझे हात चालत राहतील, दिवस जात राहतील, आणि आत काही हलत नाही हे कुणाला कळणार नाही. हळूहळू मलाही कळेनासं होईल. मग मी अशीच मरेपर्यंत राहणार. भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती, पण हिशेब समजत होता. कुठलातरी एक विषय असा हवा होता ज्याच्याकडे बोट दाखवून मी म्हणेन, हा. नाहीतर महिनाअखेरीस नाव कमी, आणि सामानासकट लेकीकडे.

पहिल्या आठवड्यात आम्ही इतिहासाच्या तासाला बसलो. सभागृह मोठं होतं, पायऱ्यापायऱ्यांचं. प्राध्यापक फार विद्वान असावेत, कारण ते स्वतःशीच बोलत होते. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "काय म्हणाले?"

मी मान न वळवता खणखणीत आवाजात सांगितलं, "खजिना रिकामा झाला होता, आणि राजाला ते सांगायला कुणी धजत नव्हतं."

प्राध्यापकांनी वर पाहिलं. "बाई, काही अडचण आहे का?"

"बाई, काही अडचण आहे का?" मी मागे सांगितलं.

मग जो हशा उठला! प्राध्यापकही हसले. रेडिओने मला दंडाला धरून खाली बसवलं, तेव्हा कळलं की मी उभी राहिले होते. बाहेर व्हरांड्यात तिचे डोळे हसून हसून पाणावले होते. ती म्हणाली, "अगं बाई, वेळ वाढवायची का, ते तेवढं विचारायचं राहिलं!"

बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "असू दे." मला खरंच काही लागलं नव्हतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरं, राजाचं काय झालं?"

"कुठल्या राजाचं?"

"आत्ता तूच बोललीस ना. खजिना."

मला आठवेना. वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं, शब्द न शब्द, आणि मागे काही उरलं नव्हतं. मग मी लक्ष ठेवू लागले. अर्थशास्त्राच्या तासाला बसले, साहित्याच्या बसले, तत्त्वज्ञानाच्याही बसले. शिकवणारे चांगले होते. ऐकलेलं वाक्य लगेच विचारलं असतं तर मी कानामात्रा न चुकता म्हणून दाखवलं असतं. पण तास संपून दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळं धुऊन जाई. टिपणं काढायला गेले तर हात दोरी शोधायचा. हेडबाईंनी वीस वर्षांपूर्वी जे शिकवलं, ते मी जरा जास्तच चांगलं शिकले होते.

रेडिओचं ठरलं. ती म्हणाली, "मी मानसशास्त्र घेते. इतकी वर्षं लोकांच्या भानगडी खात्यासाठी ऐकल्या, आता पदवीसाठी ऐकते." आणि मग, नेहमीपेक्षा हळू, "तू पण तेच घे गं. मी पाठ करून तुला सांगत जाईन."

"आणि परीक्षेत?"

"परीक्षेत पण सांगेन. लाइन खराब आहे म्हणू."

शेवटच्या आठवड्यात मी भूगोलाचा वर्ग शोधत होते. कुणीतरी मागची बैठी इमारत दाखवली. आत गेले तर वर्ग नव्हता, प्रयोगाची खोली होती. लांब टेबलं, दोन नळ, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात पाच पांढऱ्या बशा. बशांत चाळलेली कोरडी माती. शिकवणारी बाई तिशीची असेल. बुटांना चिखल, गळ्याला मफलर. तिचा घसा बसलेला होता, आणि ती त्यावर वैतागलेली होती. मी वर्ग चुकलाय असं म्हणायच्या आत तिने रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं.

"डोळे मिटा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "रंग बघून सगळे चुकतात. काळी दिसली की चिकण म्हणून मोकळे. बोटांना विचारा. आणि बोलू नका, माझ्याच्याने ओरडवत नाही."

कसं करायचं ते तिने माझ्याच हातावर दाखवलं. चिमूटभर माती तळव्यावर, थेंब थेंब पाणी, मळून गोळी. मग गोळी अंगठ्याने तर्जनीवर दाबत पुढे सरकवायची, म्हणजे पट्टी निघते. वाळू जास्त असली तर पट्टी निघतच नाही, गोळी फुटते. गाळाची माती पिठासारखी मऊ, पण पट्टी लगेच तुटते. चिकणमातीची पट्टी बोटाबाहेर लोंबत राहते. शंका असली तर कण दातांखाली घ्यायचा. वाळू कचकच करते, चिकणमाती करत नाही.

मी डोळे मिटून पाचही बशा केल्या. खोलीत कुणी बोलत नव्हतं. नळ ठिबकत होता. तिसऱ्या बशीतली माती मी दाताखाली घेतली. कचकच थेट कानात ऐकू आली, आतल्या बाजूने. आनंद झाला असं मी म्हणणार नाही. दाताखाली वाळू होती, एवढंच. मी चूळ भरली आणि पुढची बशी घेतली.

पाचांतल्या दोन मी चुकले. बाईने माझं बोट पुन्हा दुसऱ्या बशीत दाबलं आणि म्हणाली, "ही चिकण वाटते कारण तुम्ही पाणी जास्त घातलंत. घाई नका करू."

घरी गेले, चहा केला, कप विसळले, आणि विसळताना लक्षात आलं की दुसरी बशी मला अजून बोटांत आहे. तिसरीही. पाचवी जरा खरबरीत, मधेच गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हाही होत्या. मी अंथरुणात बसून अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. पाचही, क्रमाने.

मी ऑफिसात गेले. हेडक्लार्कना म्हटलं, "मुख्य विषय माती."

"मृदाशास्त्र?" त्यांनी चष्मा काढून ठेवला. "शाळेत रसायन होतं?"

"नव्हतं."

"मग आधी एक वर्ष रसायनाचं. म्हणजे एकूण चार. तुमचं खातं तीन वर्षं खुर्ची राखणार. चौथ्या वर्षी खुर्चीही नाही आणि अर्धा पगारही नाही. बाई, इतिहास घ्या. इतिहासाला काही लागत नाही."

"उद्या सांगते," मी म्हटलं. उद्या महिन्याचा शेवटचा दिवस होता.

त्याच संध्याकाळी लेक आली. पोट पुढे, हाताला लहानगी, बरोबर रिकामी ट्रंक. माझं सामान न्यायला ट्रंकही तिने घरून आणली होती. दीर तिला उतरवून घ्यायला गेले होते. ते तिच्याबरोबर आत आले, आणि नातीने त्यांचं बोट सोडलं नाही म्हणून बसले.

मी सगळं सांगितलं. माती, रसायन, चार वर्षं, खुर्ची जाईल.

लेक म्हणाली, "आई, तुला ते आवडलं का?"

"आवडलं असं नाही सांगता येत."

"मग?"

"ते माझ्याजवळ राहतं. बाकीचं राहत नाही."

"म्हणजे काय?" ती थकलेली होती, तिचा आवाज चढला. "आणि मी? मी तुझ्याजवळ राहते का? आम्हाला सोडून तू चिखल मळत बसणार, आणि तेही आवडत नसताना? तुला कशाचं काही वाटतच नाही. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तू..."

"ए!" दीर म्हणाले.

मी त्यांना लेकीवर आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. दीर जमिनीकडे बघत होते.

"त्या दिवशी फोनवर दुसरं कुणी असतं ना, तर गळा काढला असता. मग मला काही कळलं नसतं, कुठे जायचं, कुणाला भेटायचं. मी फोन फेकून दिला असता. तुझ्या आईने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. नाव, गाव, सगळं. मी नेमका पोचलो, दादाला घेऊन आलो." ते थांबले. "मी तुझ्या आईला हे सांगायचं म्हणत होतो. जिन्यात रोज सांगायचं म्हणतो, आणि कुलपांचंच काहीतरी बोलतो."

मी त्यांच्यासाठी चहा टाकला. माझे हात नेहमीसारखेच चालत होते. फक्त दूध उतू गेलं, आणि ते मला दिसत असून मी गॅस बंद केला नाही. लेकीने उठून केला.

"चार वर्षं," ती ओट्याशी उभी राहून म्हणाली. "आणि बाळंतपणाला?"

"बाळंतपणाला येईन. सुट्टी असते."

"वर्गात सगळी पोरं असतील, आई. तुला आजी म्हणतील."

"म्हणू देत. तुझी मुलगीही म्हणते."

ती हसली नाही, पण तिने ट्रंक कॉटखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी मी हेडक्लार्कना विषय सांगितला. ते म्हणाले, "विचार केलात?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी लिहून घेतला.

पुढचं थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी मी रसायनात नापास झाले. निकाल भिंतीवर लावला होता. मी तो वाचला आणि तिथेच, पोरांच्या गर्दीत, रडू लागले. हुंदके देऊन, आवाज काढून, थांबताच येईना. रेडिओ धावत आली. तिला वाटलं घरी काही झालं. मी म्हटलं, "रसायन गेलं गं." ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्याबरोबर पायरीवर बसून तीही रडली. ती स्वतः पहिल्या वर्गात पास झाली होती.

रेडिओला बिलांच्या ऑफिसातली खुर्ची मिळाली. तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसवलं तिला. निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. शेवटी शेवटी तिला ऐकू येईनासं झालं, पण बोलणं काही थांबलं नाही. जाऊन सहा वर्षं झाली.

हेडबाई बोर्ड गेल्यावर भावाकडे राहायला गेल्या. पुढे त्यांचं काय झालं, मला कळलं नाही.

दिरांनी दुकान विकलं आणि वरच्या मजल्यावर एकटेच राहिले. रोज संध्याकाळी खाली येऊन माझ्या टेबलाशी बसायचे. मी वह्या लिहायचे, ते पेपर वाचायचे. फार बोलायचो असं नाही. वयाच्या नव्वदीच्या सुमारास गेले, झोपेत.

मातीच्या बाई दुसऱ्या विद्यापीठात गेल्या. त्यांचा घसा कधी पूर्ण सुटला नाही. आता त्याही म्हाताऱ्या झाल्यात, दोन वर्षांपूर्वी भेटल्या तेव्हा काठी टेकत होत्या.

लेकीला मुलगा झाला. तो आता चाळिशीचा, दूरच्या शहरात इंजिनिअर आहे. लेक काही वर्षं माझ्याशी तुटक वागली, मग विसरली, की विसरल्यासारखं केलं. मी विचारलं नाही.

मला पदवीला चार नाही, पाच वर्षं लागली. पुढे मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथे राहिले. नमुने यायचे, मी मळायचे, पट्टी काढायचे, आकडा सांगायचे. यजमानांचं आठवून मी पहिल्यांदा रडले तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, आणि ते एका साध्या दुपारी, जेवण झाल्यावर. मग अधूनमधून रडत राहिले, माणसं रडतात तशी.

रसायनात मला दुसऱ्या वेळी पासापुरतेच मार्क पडले.